कोमोडो ड्रॅगन आणि एक लिव्हरवर्ट : धोका एकाच मापाने मोजता येतो का?

पुण्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे. धोक्यातल्या दोन जातींची तुलना करण्याचा स्वाध्याय त्याला मिळाला होता. महाकाय सरडा म्हणून त्याने इंडोनेशियातील कोमोडो ड्रॅगन निवडला आणि चिमुकली वनस्पती म्हणून इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील मार्सुपेला प्रोफुंडा हे लिव्हरवर्ट निवडले. आकार, अधिवास, प्रजनन असे रकाने भरून झाले, पण ‘अधिक धोक्यात कोण’ या शेवटच्या रकान्यापाशी त्याचे घोडे अडले. पैसा एकाच जातीसाठी उपलब्ध असेल तर तो कोणाला द्यावा, आणि पुण्याच्या टेकड्यांवर घोरपड व एखादे लिव्हरवर्ट घेऊन असाच प्रकल्प करता येईल का, असे आणखी दोन प्रश्न त्याने जोडले आहेत.

मी सुमारे तीस वर्षे सह्याद्रीतील लिव्हरवर्टांवर काम करते आहे आणि जातींच्या धोक्याचे मूल्यांकन करणाऱ्या काही बैठकांतही बसले आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांविषयीची माझी माहिती मात्र वाचनातून आणि सहकाऱ्यांबरोबर केलेल्या भटकंतीतून आलेली आहे. हे आधीच सांगते, कारण उत्तरात माझे मन कोणत्या बाजूला झुकते ते तुमच्या लक्षात आलेले बरे.

लिव्हरवर्टला मराठी परिभाषेत यकृतका म्हणतात, पण पुण्यात भिंतीवरच्या कोणत्याही ओल्या हिरव्या थराला शेवाळ म्हणण्याचाच प्रघात आहे. खरे शेवाळ वेगळे, मॉस वेगळे आणि लिव्हरवर्ट वेगळे. लिव्हरवर्टला मुळे नसतात, फक्त एकपेशीय केसांसारखे मूलाभ असतात. पाणी वाहून नेणाऱ्या नलिका नसतात. फूल आणि बी तर नाहीच. काही जातींचे शरीर म्हणजे जमिनीला चिकटलेली चपटी हिरवी पट्टी असते, तर काहींना बारीक खोड आणि दोन-तीन ओळींत पाने असतात. मार्सुपेला या दुसऱ्या गटातली आहे. तिचे कोंब जेमतेम काही मिलिमीटरचे, तांबूस तपकिरी ते काळपट रंगाचे असतात, आणि ग्रॅनाइटच्या दगडावर ती वाढलेली असली तर पाहणाऱ्याला दगडावर गंज चढल्यासारखे वाटते. कोमोडो ड्रॅगनची ओळख करून द्यायला नको. तीन मीटरपर्यंत लांब आणि सत्तर-ऐंशी किलो वजनाचा हा प्राणी आपल्या घोरपडीचा थोरला भाऊबंद आहे; दोघांची प्रजाती एकच, व्हॅरॅनस.

तुमच्या तक्त्यात पहिली गफलत ‘संख्या’ या रकान्यात झालेली आहे. ड्रॅगनपुढे तुम्ही सुमारे १,४०० प्रौढ असा आकडा लिहिला आहे आणि तो बरोबर आहे. मार्सुपेलापुढे ‘हजारो कोंब’ असे लिहून तुम्ही असा निष्कर्ष काढला आहे की ती ड्रॅगनपेक्षा सुस्थितीत असावी. ही तुलना एका माणसाची दुसऱ्या माणसाच्या केसांशी केल्यासारखी आहे. लिव्हरवर्टचा एक कोंब म्हणजे एक व्यक्ती नव्हे. एकाच बीजाणूपासून वाढलेला ठिपका फांद्या फुटत पसरतो, मधला भाग कुजतो, कडेचे तुकडे सुटे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जगू लागतो. यातले किती जीव मोजायचे? आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या, निकषांत तर ‘प्रजननक्षम व्यक्तींची संख्या’ हाच एक मुख्य आधार आहे. म्हणून या क्षेत्रातील लोकांनी एक तडजोड केली आहे. जमिनीवर किंवा दगडावर वाढणाऱ्या जातीसाठी तिने व्यापलेला एक चौरस मीटर म्हणजे एक व्यक्ती धरायची, आणि झाडावर वाढणाऱ्या जातीसाठी ती असलेले एक झाड म्हणजे एक व्यक्ती. तळहाताएवढ्या जागेत दीडशे कोंब असले तरी हिशेबात ते एकच. ही तडजोड आहे, निसर्गातले सत्य नव्हे, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण तिच्यावाचून कोष्टक पुढे सरकत नाही.

क्षेत्रफळाच्या रकान्यातही असेच होते. जातीने प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र मोजताना नकाशावर दोन किलोमीटर बाजूचे चौकोन आखतात आणि जात सापडलेल्या प्रत्येक चौकोनाचे चार चौरस किलोमीटर धरतात. मोठ्या प्राण्यासाठी हे माप ठीक आहे, कारण एवढ्या जागेत ड्रॅगन खरोखर हिंडतो. लिव्हरवर्टच्या बाबतीत चौकोनात तीन दगडांवर मिळून बशीएवढी वाढ असली तरी कागदावर चार चौरस किलोमीटरच लिहिले जातात. व्यापलेले क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि शिवाय ते तुकड्यांत विभागलेले व घटत असेल, तर जात ‘संकटग्रस्त’ वर्गात जाऊ शकते. १० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ‘अतिसंकटग्रस्त’. आता कल्पना करा की एखादी जात जगात चार दगडांवर उरली आहे आणि ते दगड चार वेगवेगळ्या चौकोनांत पडले आहेत. तिचे क्षेत्र सोळा चौरस किलोमीटर भरेल आणि केवळ या आकड्याच्या आधारे ती अतिसंकटग्रस्त ठरणार नाही. मला हा नियम पटवून घ्यायला बरीच वर्षे लागली, आणि अजूनही तो पूर्ण पटलेला आहे असे नाही.

काळाचे माप त्याहून अवघड आहे. घट मोजायची ती दहा वर्षांतली किंवा तीन पिढ्यांतली, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यातली. कोमोडो ड्रॅगन सुमारे तीस वर्षे जगतो आणि मादी वयात यायलाच आठ-नऊ वर्षे घेते, त्यामुळे तिथे तीन पिढ्या म्हणजे काही दशके होतात. पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या लिव्हरवर्टच्या तीन पिढ्या तीन वर्षांत संपतात, म्हणून तिथे दहा वर्षांचा नियम लागतो. पण त्या जातीचे बीजाणू मातीत कित्येक वर्षे सुप्त राहत असतील तर पिढीची लांबी कशी ठरवायची, यावर दोन जाणकारांचे एकमत सहसा होत नाही.

एवढा खुलासा केल्यावर तुमच्या मूळ मुद्द्याकडे येते. कागदावरचा दर्जा काहीही असला तरी या दोन जातींच्या अडचणीची गाठ वेगवेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती गाठ सापडणे हेच तुलनेचे काम आहे. गंमत अशी की या जोडीत आपल्या अपेक्षेच्या नेमके उलटे घडते: प्राणी जागेवर बसून राहतो आणि वनस्पती प्रवास करते.

ड्रॅगन पोहू शकतो, डोंगर चढू शकतो आणि दिवसभरात बरेच अंतर कापू शकतो. तरीही इंडोनेशियात दशकभर खुणा करून पाळत ठेवलेल्या प्राण्यांवरचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की बहुतेक ड्रॅगन जन्मलेल्या खोऱ्यातच आयुष्य काढतात. काहींना उचलून त्याच बेटावर दूर सोडले तर ते चालत घरी परतले; सामुद्रधुनीपलीकडे सोडलेले मात्र पोहून परत आले नाहीत. असा घरकोंबडा प्राणी कोमोडो, रिंचा, गिली मोतांग आणि नुसा कोडे या चार बेटांवर आणि फ्लोरेस या मोठ्या बेटाच्या काही भागांत विखुरलेला आहे. जगात एवढाच. त्यातल्या लहान बेटांवर बाहेरून नवे रक्त जवळजवळ येतच नाही, आणि गिली मोतांगवरच्या प्राण्यांत जनुकीय विविधता कमी असल्याचे आढळले आहे.

१९८० मध्ये कोमोडो राष्ट्रीय उद्यान झाले, १९९१ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि उद्यानाच्या आतली संख्या बरीचशी स्थिर आहे. फ्लोरेसवर उद्यानाबाहेर मात्र शेतीसाठी आणि वस्तीसाठी गवताळ रान जाळले जाते, आणि ड्रॅगनचे मुख्य भक्ष्य असलेल्या हरणांची चोरटी शिकार होते. त्यातच समुद्राची पातळी वाढण्याचा हिशेब धरला तर पुढच्या ४५ वर्षांत त्याचा योग्य अधिवास किमान ३० टक्के घटेल असा अंदाज आहे. याच कारणाने सप्टेंबर २०२१ मध्ये या जातीला ‘असुरक्षित’ वरून अधिक गंभीर अशा ‘संकटग्रस्त’ वर्गात नेण्यात आले. बदललेल्या दर्जाचे कारण आज मेलेले प्राणी नसून उद्या बुडणारी किंवा बदलणारी जमीन हे आहे, ही गोष्ट तुमच्या तक्त्यात कुठेच आलेली नाही.

मार्सुपेलाची कहाणी ऐकून माझ्या विद्यार्थ्यांना आधी हसू येते. ब्रिटनमध्ये ही वनस्पती फक्त कॉर्नवॉलमध्ये आहे, आणि तिथेही तिचे सर्वांत चांगले ठिकाण एखादे निबिड अरण्य नसून सेंट ऑस्टेल परिसरातील चिनी मातीच्या खाणी आहेत. ग्रॅनाइटमधले फेल्डस्पार कुजून केओलिन, म्हणजे चिनी मातीची भांडी आणि गुळगुळीत कागद बनवण्यासाठी लागणारी पांढरी माती, तयार होते. कॉर्नवॉलमधल्याच ट्रेगॉनिंग टेकडीवर अठराव्या शतकाच्या मध्याला विल्यम कुकवर्दी यांना ही माती सापडली आणि पुढे तो मोठा उद्योग झाला. खाणीतून बाहेर टाकलेला ठिसूळ दगड, कुजका ग्रॅनाइट आणि अभ्रकमिश्रित दडपलेली माती यांच्यावर मार्सुपेला वाढते. युरोपात ती याशिवाय पोर्तुगालच्या भागांत, मदेरा आणि अझोर्स बेटांवर आढळते. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात तिची नोंद अग्रक्रमाच्या जातींत झाली, आणि पुढे माणसाने उकरून टाकलेल्या मातीचे ढीग कायद्याने संरक्षित करावे लागले.

कारण सरळ आहे. ही उघड्या पृष्ठभागावर सर्वांत आधी येणारी वनस्पती आहे. नवा दगड उघडा पडला की वाऱ्याने आलेले बीजाणू तिथे रुजतात. काही वर्षे तिची चलती असते. मग मोठे मॉस, गवत आणि हेदर, काटेरी गोर्स यांसारखी झुडपे येतात, सावली पडते आणि ती संपते. एका दगडावरून ती जाण्यापूर्वी जवळपास दुसरा उघडा दगड तयार असला पाहिजे. म्हणजे तिचे अस्तित्व एखाद्या जागेवर टिकून राहण्यात नसून जागा बदलत राहण्यात आहे. तिच्यासाठी कुंपण घालून जमीन ‘जशी आहे तशी’ ठेवली तर आपणच तिला मारू. तिला वाचवायचे तर अधूनमधून झुडपे तोडावी लागतात, माती खरवडावी लागते आणि दगड उलटावे लागतात. ड्रॅगनसाठी जमीन राखायची आणि मार्सुपेलासाठी जमीन विस्कटायची. ‘संवर्धन’ हा एकच शब्द या दोन्ही कामांना आपण वापरतो.

प्रजननाच्या रकान्यात तुम्ही ‘अंडी’ आणि ‘बीजाणू’ एवढेच लिहिले आहे, पण तुलनेची खरी मेजवानी तिथेच आहे. ड्रॅगनची मादी वीस-पंचवीस अंडी घालते, बऱ्याचदा जमिनीवरच्या एका पक्ष्याने रचलेल्या पालापाचोळ्याच्या ढिगात, आणि पिल्ले बाहेर यायला सात-आठ महिने लागतात. बाहेर पडताच ती झाडावर चढतात, कारण खाली मोठे ड्रॅगन त्यांना खाऊन टाकतात. २००६ च्या सुमारास ब्रिटनमधील चेस्टर आणि लंडन येथील प्राणिसंग्रहालयांतील माद्यांनी नराच्या फलनाशिवाय अंडी घातली आणि त्यांतून पिल्ले जन्मली. या गटात मादीकडे दोन वेगळी लिंगगुणसूत्रे असतात, त्यामुळे अशी सगळी पिल्ले नर निघतात. रिकाम्या बेटावर पोहोचलेली एकटी मादी तत्त्वतः स्वतःसाठी नर निर्माण करू शकते, पण त्या वंशाची जनुकीय शिदोरी फारच तुटपुंजी असते.

लिव्हरवर्टकडेही एकट्याने निभावण्याची सोय आहे, पण तिचा मार्ग वेगळा. आपण जी हिरवी वनस्पती पाहतो तिच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो. आपल्यासारख्या किंवा ड्रॅगनसारख्या प्राण्यात एका संचातला दोष दुसरा संच झाकून घेतो. इथे झाकणारा कोणी नाही, दोष असेल तर तो लगेच उघडा पडतो. त्यामुळे घातक दोष लवकर गाळले जातात, आणि लहान वस्तीतील सोयरीक जवळची झाली म्हणून जे नुकसान प्राण्यांत दिसते ते इथे त्याच रीतीने दिसत नाही. मात्र लिव्हरवर्टांच्या सुमारे दोन तृतीयांश जातींत नर आणि मादी वेगवेगळ्या रोपांवर असतात. नराच्या शुक्रपेशीला मादीपर्यंत पाण्याच्या थेंबातून पोहत जावे लागते, आणि हे अंतर सेंटिमीटरांतच परवडते. एका डोंगरधारेवर फक्त माद्या आणि पलीकडच्या धारेवर फक्त नर उरले, तर दोन्ही वस्त्या कलिकांनी, म्हणजे अंगावरच तयार होऊन सुट्या होणाऱ्या अंकुरांनी, किंवा तुकड्यांनी वर्षानुवर्षे वाढत राहतील, हिरव्यागार दिसतील, पण बीजाणू कधीच तयार होणार नाहीत, आणि दूरवर जाण्याचे साधन तर बीजाणूच असते. अशी वस्ती पाहून ‘उत्तम स्थिती’ असा शेरा मीही एकदा मारला होता. दोन पावसाळ्यांनी पुन्हा गेल्यावर लक्षात आले की मला तिथे एकही बीजाणूकोश दिसलेला नव्हता.

मग अधिक धोक्यात कोण? आययूसीएनचा दर्जा नामशेष होण्याची शक्यता सांगतो, जातीचे मोल सांगत नाही, आणि एकाच वर्गातल्या दोन जातींत क्रम लावणे हे त्याचे कामही नाही. जागतिक पातळीवर २०२२ मध्ये दहा हजारांहून अधिक सरपटणाऱ्या जातींचे मूल्यांकन पुरे झाले आणि त्यांपैकी सुमारे २१ टक्के धोक्यात आढळल्या. युरोपात २०१९ मध्ये मॉस, लिव्हरवर्ट आणि त्यांचे भाऊबंद हॉर्नवर्ट मिळून १,८१७ जाती तपासल्या गेल्या, त्यांतल्या २२.५ टक्के धोक्यात निघाल्या. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘दोन्ही गट सारखेच धोक्यात’ असे लिहिण्याचा मोह होतो, आणि तुमच्या मसुद्यात तो झालेला आहे. पण पहिला आकडा जगाचा आहे आणि दुसरा एका खंडाचा. जगातील सुमारे सात हजार लिव्हरवर्टांपैकी बहुसंख्य जातींकडे अजून त्या नजरेने कोणी पाहिलेलेच नाही.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ शिवराम कश्यप यांनी १९१४-१५ च्या सुमारास पश्चिम हिमालयातून ऐचिसोनिएला, स्टीफन्सोनिएला आणि सेवार्डिएला अशा तीन प्रजाती वर्णिल्या, आणि प्रत्येकीत एकच जात आहे. भारतातील धोक्यातल्या लिव्हरवर्टांचा विषय निघाला की ही नावे पहिल्यांदा येतात, याचे एक कारण त्या खरोखर दुर्मीळ आहेत आणि दुसरे कारण कश्यपांनी त्यांच्या जागा नीट लिहून ठेवल्या. ज्यांच्या जागा कोणी लिहिल्याच नाहीत त्या जाती यादीत येत नाहीत. ड्रॅगन नाहीसा झाला तर वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी येईल. लिव्हरवर्ट नाहीसे झाले तर ते ओळखणारी चार माणसे त्या वाटेने पुन्हा जाईपर्यंत कोणाला कळणारही नाही. म्हणून माझे मत विचाराल तर ज्ञात धोका ड्रॅगनचा मोठा आहे आणि अज्ञात धोका लिव्हरवर्टांचा, आणि तुमच्या तक्त्यात या दोघांसाठी दोन वेगळे रकाने हवेत.

पैशाचा प्रश्न ऐकायला कठीण वाटतो, पण तो या जोडीला लागू पडत नाही. ड्रॅगनसाठी रक्षक, नौका, हरणांची राखण आणि फ्लोरेसच्या गावांशी कायमचा संवाद लागतो. त्यातला काही खर्च पर्यटक भागवतात आणि तेच पर्यटक त्या बेटांवर भारही टाकतात. मार्सुपेला पाहायला तिकीट काढून कोणी येत नाही, पण तिला लागते तरी काय? कोयता, फावडे, आणि कुठे खरवडायचे हे जाणणारा माणूस. एकाच्या निधीतून दुसऱ्याचा निधी कापावा लागेल अशी ही दोन कामे नाहीत. कायद्याचा प्रश्न मात्र खरा आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पती आल्या तेव्हा त्यांच्या परिशिष्टात सहाच नोंदी होत्या, आणि त्यांत लिव्हरवर्ट एकही नव्हते. घोरपड मात्र पहिल्या परिशिष्टात आहे.

इथून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. पुण्यात घोरपड म्हटले की सिंहगड आणि तानाजी मालुसरे आठवतात. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा इतिहासकार मानत नाहीत, आणि काही किलो वजनाचा प्राणी गडी माणसाचा भार पेलेल असे मलाही वाटत नाही. तीच घोरपड आज आययूसीएनच्या यादीत संकटाच्या उंबरठ्यावर आहे. मांसासाठी आणि कातड्यासाठी तिची शिकार होते, आणि तिचा एक छळ तर तुमच्या-माझ्या विषयाच्या सीमेवरच घडतो: ‘हत्था जोडी’ नावाने दुर्मीळ वनस्पतीचे मूळ म्हणून जे विकले जाते ते प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. पूजेच्या सामानात ते ठेवणाऱ्याला आपण प्राणी विकत घेतला हे माहीतही नसते.

लिव्हरवर्टांपैकी मी तुम्हाला रिक्सिया सुचवेन. जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वेताळ टेकडीच्या मातीच्या पायवाटेवर उकिडवे बसा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावून जमिनीकडे झुका. पावलांनी दडपलेल्या मातीवर रुपयाच्या नाण्याएवढी हिरवी चकती दिसेल, दर थोड्या अंतरावर दुभंगत गेलेल्या पट्ट्यांची, प्रत्येक पट्टीच्या मधोमध बारीक पन्हळ असलेली. सप्टेंबरात तीच चकती उचलून पाहिली तर पट्टीच्या आत काळे ठिपके दिसतात. ते बीजाणूकोश आहेत. रिक्सियाला कोश वर उचलणारा दांडा नाही. पट्टी कुजली की बीजाणू तिथल्या तिथे मातीत उतरतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात. मार्सुपेलासारखीच हीसुद्धा उघड्या जागेची वनस्पती आहे, आणि पायवाट बुजली की ती जाते.

बारमाही जात हवी असेल तर सिंहगडावर पुणे दरवाज्याच्या वाटेवरच्या कातळात प्लॅजिओकाझ्मा शोधा. फेब्रुवारीत तिच्या पट्ट्या कडांनी आत गुंडाळून काळ्या सुतळीसारख्या पडलेल्या असतात. त्यांच्यावर बाटलीतले पाणी शिंपडा आणि थांबा. काही मिनिटांत कडा उलगडतात आणि मघाच्या सुतळीची हिरवी पट्टी होते. मुळे नसल्यामुळे ती पाणी सर्वांगाने पिते, आणि हवेतली घाणही तशीच पिते.

या जोडीची तुलना करताना आकडे शेजारी मांडू नका, एकाच निर्णयाचे दोघींवर काय परिणाम होतात ते मांडा. एका टेकडीवर मी सहा पावसाळे दहा चौकोन आखून रिक्सिया मोजत होते. सातव्या वर्षी गेले तर सुशोभीकरणाच्या नावाखाली त्या वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवलेले होते आणि माझे दहाही चौकोन त्यांच्याखाली गेले होते. त्याच दिवशी जवळच्या वारुळापाशी एक घोरपड निवांत ऊन खात पडली होती. तिला त्या कामाचा काही उपद्रव झालेला दिसला नाही. उलट, मोकाट कुत्र्यांची टोळी टेकडीवर वाढली की घोरपडी दिसेनाशा होतात आणि रिक्सियाला त्याचे सोयरसुतक नसते. वारूळ फोडून ‘जागा साफ’ केली तर घोरपडीची अंडी घालण्याची जागा जाते. उतारावर झाडे लावून दाट सावली केली तर हळूहळू रिक्सियाची. वृक्षारोपणाला विरोध करणारी म्हणून माझी टेकडीवर फिरणाऱ्या मंडळींत थोडी बदनामी आहे, पण गवताळ उताराला रिकामी जागा समजणे मला कधीच जमले नाही.

पद्धत अशी ठेवा. घोरपडीसाठी एकच ठरलेली वाट, सकाळी ऊन तापू लागल्यावर, आठवड्यातून दोनदा चाला. दिसलेला प्राणी, वेळ आणि जागा लिहा. तिला पकडू नका, बिळात काठी घालू नका आणि वारूळ उकरू नका. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याला परवानगीशिवाय हात लावणे गुन्हा आहे. रिक्सियासाठी वाटेच्या कडेने एक मीटर बाजूचे तीस चौकोन आखा आणि दर पंधरा दिवसांनी फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच नोंदवा. चकत्या मोजण्याच्या फंदात पडलात तर तिसऱ्या आठवड्यात कंटाळाल, आणि वर सांगितलेल्या व्यक्तीच्या व्याख्येत तो आकडा उपयोगीही पडणार नाही. जातीची ओळख बीजाणूंच्या नक्षीवरून होते, म्हणून प्रत्येक ठिकाणाहून दोन-तीन पिकलेल्या चकत्या, त्याहून जास्त नाही, सप्टेंबरात घ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पुण्यातल्याच भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातील नमुन्यांशी ताडून घ्या. ते केंद्र १९५५ पासून इथे आहे. नमुना वर्तमानपत्राच्या कागदाची घडी घालून केलेल्या पाकिटात मातीसकट ठेवा आणि तारीख, ठिकाण व माती कशी होती ते पाकिटावर तिथेच, पेन्सिलीने लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर दोन दिवसांत बुरशी धरते आणि बीजाणू पाहण्याजोगे राहत नाहीत.